तीन मिनिटांनी गप्प होणारा रिपीटर

मित्रांनो, मी एक जुना रिपीटर आहे. मराठीत मला काय म्हणावं हे अजून कोणी ठरवलेलं नाही, आणि ठरवलं तरी नागपुरातल्या लक्ष्मीनगरच्या या सात मजली इमारतीच्या गच्चीवर मला त्या नावाने हाक मारायला कोण येणार? पाण्याच्या टाकीखाली एक पत्र्याची पेटी आहे. तिला कुलूप आहे. त्या पेटीत मी राहतो. वर माझी उंच अँटेना आहे, तेवढी लोकांना रस्त्यावरून दिसते.

माझं काम समजायला सोपं आहे. हातात मावणाऱ्या वायरलेस सेटचा आवाज फार लांब जात नाही. मध्ये दोन-चार इमारती आल्या की तो तिथेच विरतो. मी उंचावर बसलेला. खालचा बारीक आवाज ऐकायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर मोठ्याने बोलून टाकायचा, म्हणजे तो साऱ्या शहरात पोचतो. ऐकलं तेवढंच बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही. माणसांमध्ये असा स्वभाव मला तरी अजून आढळलेला नाही.

मला बाबारावांनी जन्म दिला. बाबाराव कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले होते. एक टॅक्सी कंपनी बंद पडली, तिचे दोन वायरलेस सेट त्यांनी कबाड्याकडून उचलले आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडून बसले. एक सेट माझा कान झाला, दुसरा माझं तोंड झालं. ओटा अडला म्हणून कौसल्याबाई, म्हणजे त्यांची बायको, चुलीवरचं तेल तापावं तशा तापल्या होत्या. "घरात बोलणारे कमी होते का, का हे आखीन एक तोंड आणून बसवलं?" असं त्या म्हणाल्या. बाबाराव हसले आणि त्यांनी वायरी जोडायची, डाग देण्याची कांडी पुन्हा हातात घेतली.

ज्यांच्यासाठी मी तयार झालो ते हौशी रेडिओवाले. जगभर त्यांना हॅम म्हणतात. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं आणि हवेतून बोलायचं, एवढाच त्यांचा छंद. त्यातून मिळकत दमडीची नाही. आमच्या मंडळात कपड्याचे व्यापारी होते, नर्सबाई होत्या, सीताबर्डीच्या मोबाइलच्या दुकानात काम करणारी दामिनी होती. दर रविवारी सकाळी कुसुमताई सगळ्यांची हजेरी घ्यायच्या. कुसुमताई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण हजेरीची सवय निवृत्त झाली नव्हती. प्रत्येकाने आपली पाळी आली की बोलायचं, शेवटी 'ओव्हर' म्हणायचं आणि बटण सोडायचं. दुसऱ्याचं 'ओव्हर' येईपर्यंत कोणी मध्ये तोंड घालायचं नाही, ही मंडळाची रीत. रीत चांगली होती. मला तिचा अभिमान वाटायचा.

मित्रांनो, या सेटची एक गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बोलायचं तर सेटचं बटण दाबून धरावं लागतं. बटण दाबलेलं असताना फक्त बोलता येतं, ऐकता काही येत नाही. आणि एकाने बटण दाबलेलं असताना दुसरा कोणी बोलू शकत नाही. दोन आवाज एकदम आले तर ज्याचा जोर जास्त, तोच माझ्या कानात शिरतो.

म्हणून बाबारावांनी माझ्या पोटात काडेपेटीएवढी एक पट्टी बसवली होती. कोणी सलग तीन मिनिटं बोलत राहिलं की ती पट्टी माझं तोंड बंद करायची. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की रिपीटर गप्प झाला म्हणजे काहीतरी गडबड आहे असं समजायचं आणि लगेच दुसरा चॅनल लावायचा. दुसऱ्या चॅनलवर माझी गरज नव्हती. सेट जवळ जवळ असले की तिथे एकमेकांशी थेट बोलता यायचं.

पहिली काही वर्षं फार सुखाची गेली. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. एवढी माणसं एका जागी आली की मोबाइल मान टाकतात. मग आमचे लोक मदत केंद्राचा मंडप घालून बसायचे आणि सेट घेऊन गर्दीत ठिकठिकाणी उभे राहायचे. हरवलेलं लेकरू एका फाटकावर सापडायचं, त्याची आई दुसऱ्या फाटकावर रडत असायची. मी दोघांमधला निरोप पोचवायचो. "सापडला, सापडला" हे शब्द माझ्या तोंडून इतक्या वेळा गेले आहेत की मला ते पाठ झाले. एकदा पेपरात मंडळाचा फोटो आला. मी त्यात नव्हतो, पण मागे धूसर अँटेना दिसत होती असं बाबाराव म्हणाले.

आता अनंतरावांबद्दल सांगतो. अनंतराव मंडळाचे अध्यक्ष. गांधीबागेत त्यांचं कपड्याचं ठोक दुकान. माणूस दिलदार, माझी बॅटरी त्यांनीच स्वतःच्या खिशातून आणली, मंडपाचं कापडही दरवर्षी त्यांचंच. त्यांच्याविषयी मी वाईट बोलणार नाही. पण बोलायला लागले की नागपूरची उन्हाळी दुपार बरी, ती निदान संध्याकाळी संपते. प्रजासत्ताक दिनाच्या हजेरीत त्यांनी भाषण केलं. पुण्या-मुंबईचे रेडिओवालेही त्या दिवशी इंटरनेटवरून ऐकत होते. तीन मिनिटं झाली आणि ऐन रंगात आलेल्या वाक्याच्या मधोमध मी गप्प झालो. दुसऱ्या चॅनलवर कोणीतरी खदखदून हसलं, असं मागाहून कळलं.

पुढच्याच रविवारी सगळे गच्चीवर जमले. चहा झाला. अनंतराव म्हणाले, "बाबाराव, ते डबडं काढून टाका गा. आपले लोक शिकलेले, परीक्षा पास झालेले. त्यायच्या तोंडावर हात ठेवाची गरज काय?"

"अनंतराव, तुमच्यासाठी नाही बसवलं ते," बाबाराव म्हणाले. "एखाद्याचं बटण अडकून बसलं तं काय करसान?"

"इतक्या वर्षात अडकलं का कोणाचं?"

अडकलं नव्हतं, हे खरंच होतं. पट्टी काढायची असेल त्यांना हात वर करायला सांगितलं तेव्हा सगळ्यांचे वर झाले. दामिनीचा झाला, कुसुमताईंचाही झाला, जरा उशिरा. बाबारावांनी पेटी उघडली, ती पट्टी काढली आणि पान-सुपारीच्या रिकाम्या डबीत ठेवून डबी खिशात घातली. मला त्या वेळी काहीच दुखलं नाही. उलट हलकं वाटलं, हे तुम्हाला खरं सांगितलं पाहिजे.

त्या वर्षीचा दसरा. ऑक्टोबरचं ऊन नागपुरात कसं असतं ते नागपूरच्या मुलांना सांगायला नको. सकाळपासून गर्दी लोटत होती. जिकडे तिकडे पांढरे कपडे, निळे झेंडे, पुस्तकांचे ठेले आणि भोजनदानाचे मंडप. कोणी पुरीभाजी वाटत होतं, कोणी बुंदी, कोणी थंड पाणी. उपाशी राहायचं म्हटलं तरी तिथे कोणी राहू देत नाही.

पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. काही माझ्यातून गेलं, काही मागाहून गच्चीवरच्या बोलण्यातून कळलं.

मदत केंद्रात कुसुमताई बसल्या होत्या. भिवापूरकडच्या एका खेड्यातला प्रेमानंद नावाचा माणूस त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला होता.

"माय हरवली जी माही," तो म्हणाला. "बायजाबाई नाव हाय. तिले साखरेची बिमारी हाय. सकाळी सुई टोचून घेतली न् खाल्लं काईच नाही. डबा माह्याजोळच राह्यला. साखर उतरली का ते बेसुद्ध पडते. कोणालेही सापडली तं पह्यले तिच्या तोंडात गोड काई घाला म्हणून सांगा."

कुसुमताईंनी खुणा विचारल्या. पांढरं लुगडं सांगून उपयोग नव्हता, तिथे सगळ्याच पांढऱ्यात. तेव्हा प्रेमानंदने सांगितलं की उजव्या हातावर नाव गोंदलेलं आहे. कुसुमताईंनी सेट उचलला आणि बटण दाबलं.

पण त्याआधीच माझ्या कानात अनंतराव बसले होते.

ते आपल्या गाडीत होते, गाडी माझ्याच इमारतीच्या खाली गर्दीत अडकलेली. गाडीतला सेट मोठा, जोरकस. त्याचा माइक सीट आणि हँडब्रेकच्या मध्ये घसरला होता आणि त्यावर पाहुण्यांसाठी आणलेली हाराची पिशवी पडली होती. बटण दाबलं गेलं होतं. अनंतरावांना काही पत्ता नव्हता. ते शेजारी बसलेल्या पाहुण्यांशी बोलत होते, आणि मी ते साऱ्या शहराला ऐकवत होतो.

"आमची सून पुण्याची," ते सांगत होते. "स्वभावानं हिरा. पण वांग्याच्या भाजीत साखर घालते हो. वरणात साखर, भाजीत साखर. मी म्हटलं, बाई, आमचं तिखटजाळ सावजी खाल्लेलं तोंड, त्याले कशाले गोड करतेस?"

पाहुणे हसले. ते हसणंही मी ऐकवलं.

कुसुमताई बटण दाबत होत्या, सोडत होत्या. त्यांच्या छोट्या सेटचा आवाज माझ्यापर्यंत येईतो एक बारीक शीळ होऊन जायचा. आणि आणखी एक शीळ येत होती, दुसऱ्या बाजूने. ती दामिनीची होती.

दामिनी दक्षिणेकडच्या फाटकापाशी उभी होती. भिंतीला टेकून एक म्हातारी बसलेली तिला दिसली. हातावर 'बायजा' असं गोंदलेलं. कुठून आलात, कोणासोबत आलात, विचारलं तर म्हातारी नीट सांगेना. घामाने चिंब झालेली, नजर भलतीकडेच. दामिनीने तिला सावलीत बसवलं, ओढणीने वारा घातला, पाणी पाजलं. उन्हाने थकली असेल असं तिला वाटलं. म्हातारीने डोळे मिटले तेव्हा तिला बरंच वाटलं, जरा झोप लागली म्हणून. मग ती चॅनल मोकळा व्हायची वाट पाहत राहिली.

सगळेच वाट पाहत राहिले. मैदानात आमचे वीस-बावीस लोक होते आणि प्रत्येकाच्या कानात अनंतराव बोलत होते. माझ्या पोटात ती पट्टी असती तर तीन मिनिटांत मी गप्प झालो असतो. सगळे दचकले असते, सगळ्यांनी दुसरा चॅनल लावला असता. पण मी गप्प झालो नाही. मी छान स्वच्छ आवाजात बोलत राहिलो. अध्यक्ष बोलत आहेत, आता संपेल, मग आपण बोलू, असं जो तो म्हणत राहिला. 'ओव्हर'शिवाय मध्ये बोलायचं नाही, ही आमची रीत. कुसुमताईंनी दोन माणसं निरोप घेऊन पायी पाठवली, ती गर्दीत पाच पावलं पुढे आणि तीन मागे होत होती. दामिनीने एका अनोळखी माणसाला डॉक्टरांच्या मंडपाकडे पाठवलं, तो परत आलाच नाही. म्हातारीला एकटं टाकून तिला जाता येईना.

सुनेचं झालं, मग गुडघ्याचं दुखणं झालं, मग मंडळाचा इतिहास सुरू झाला. "आपले लोक असले का दीक्षाभूमीवर माणूस हरवत नाही," अनंतराव पाहुण्यांना सांगत होते. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपलं तोंड आपल्याला बंद करता यायला हवं होतं. पण तसं कोणी मला बनवलेलं नव्हतं.

अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला. शेवटी गाडी फाटकापाशी लागली, अनंतरावांनी हाराची पिशवी उचलली आणि बटण सुटलं.

त्याच क्षणी कुसुमताईंचा आवाज आला. "सगळ्यांनी ऐका. बायजाबाई नावाची वृद्ध बाई, उजव्या हातावर नाव गोंदलेलं. साखरेचा आजार आहे. सापडल्या तर आधी त्यांना गोड काहीतरी खायला द्या. लगेच द्या. ओव्हर."

मग दामिनी.

"ताई, ते माह्याजवळच हाय. पण आता ते उठून नाही राहिली."

हे दोन्ही निरोप मी जसेच्या तसे पोचवले. तेवढंच माझं काम.

बायजाबाईंना दवाखान्यात नेलं. त्या शुद्धीवर आल्या नाहीत, आणि आठवडाभरात गेल्या.

मंडळात कोणी कोणाला काही विचारलं नाही. रिपीटर जुना झाला होता, त्याने ऐन वेळी दगा दिला, असं बोललं जाऊ लागलं. ज्याला तोंड असून बोलता येत नाही त्याच्यावर ढकलणं सोपं असतं. माझी वीज तोडली. रविवारची हजेरी बंद झाली. पेटीच्या कोपऱ्यात पालीने अंडी घातली. अनंतरावांना खरी गोष्ट कोणी सांगितलीच नाही. मोठा माणूस, बॅटरी त्याने आणलेली, मंडप त्याचा. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?

थंडी पडायला लागली तेव्हा एका दुपारी गच्चीवर पावलं वाजली. कुसुमताई, बाबाराव, अनंतराव, आणि त्यांच्या मागे प्रेमानंद. त्याने कुसुमताईंकडे एकच गोष्ट मागितली होती, की ती मशीन मला दाखवा. बाबारावांनी पेटी उघडली आणि सेट, बटण, दुसरा चॅनल हे सगळं त्याला समजावून सांगितलं. प्रेमानंद माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मी त्याला काय दिसणार? धुळीने भरलेले दोन डबे आणि वायरी.

"मशीन जुनी झाली होती, भाऊ," अनंतराव हळू आवाजात म्हणाले. "आमाले फार वाईट वाटते."

कुसुमताई टाकीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अनंतराव, तुमची सून वांग्याच्या भाजीत साखर घालते."

"घालते तं," अनंतराव म्हणाले.

"तुमचा डावा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. हे तुम्ही गाडीत पाहुण्यांना सांगत होता. मला कसं माहीत?"

अनंतरावांचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. ते टाकीच्या पायरीवर बसले. तिथूनच म्हणाले, "मले कोणी सांगितलं काहून नाही?"

"सांगतच होतो," कुसुमताई म्हणाल्या. "पण तुमचं बटण दाबलेलं होतं. नंतर सांगायची हिंमत झाली नाही, ती आमची चूक."

प्रेमानंद रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, "बाई, हे गप्पा मारून राह्यले, हे तुमाले साऱ्यायले आयकू येत होतं ना? मंग दुसरा चॅनल कोणीच काहून नाही लावला?"

कुसुमताई म्हणाल्या, "वाटलं, आता संपेल."

प्रेमानंदने मान हलवली. तो 'जय भीम' म्हणाला आणि जिना उतरून गेला. अनंतराव उठले नाहीत. बाबारावांनी खिशातून पान-सुपारीची डबी काढली. ती पट्टी त्यांनी एवढे महिने खिशातच बाळगली होती. उजेड होता तोवर त्यांनी ती माझ्या पोटात पुन्हा बसवली, माझी धूळ पुसली, आणि वीज जोडली.

पुढच्या रविवारपासून हजेरी पुन्हा सुरू झाली. लोक थोडे होते आणि थोडंच बोलत होते. अनंतरावांचं नाव पुकारलं की उत्तर येत नसे. कुसुमताई दर वेळी क्षणभर थांबून पुढच्या नावावर जात. दामिनी नुसतं 'हजर' म्हणायची.

मग एका रविवारी ती 'हजर' म्हणून थांबली नाही. "ताई, मले बोलाचं हाय," ती म्हणाली आणि सांगू लागली. म्हातारी कशी दिसली, हातावरचं नाव तिने कसं वाचलं, म्हातारीने तिला 'कोणाची वं तू पोरी' असं कसं विचारलं. कोणी मध्ये बोललं नाही. मी तिचा एकेक शब्द उचलून शहरावर टाकत होतो आणि माझ्या पोटातली पट्टी मिनिटं मोजत होती. मला ती थांबवता येत नव्हती. "तेवढ्यात एका मंडपातला माणूस आला, त्यानं मले," असं दामिनी म्हणाली, आणि तीन मिनिटं झाली. मी गप्प झालो.

मित्रांनो, या जन्मात मला स्वतःचा एवढा राग कधी आला नव्हता.

बटण सुटलं. चॅनल मोकळा झाला. आणि एक आवाज आला, जो मी कित्येक महिन्यांत उचलला नव्हता.

"बोल बेटा," अनंतराव म्हणाले. "मी आयकून राहिलो. ओव्हर." आणि त्यांनी बटण सोडलं. मंडळाच्या इतिहासात ते एवढं थोडं कधी बोलले नव्हते.

दामिनीने पुन्हा बटण दाबलं. मग ती म्हणाली, "त्यानं मले बुंदीचं पुडकं देलं होतं. मी म्हटलं, माय झोपली हाय, उठली का खाऊ घालतो. ते पुडकं साऱ्या वेळ माह्या हातातच होतं, ताई. ओव्हर."

त्यावर कोणीच काही बोललं नाही. मी ती शांतताही इमानाने साऱ्या शहरात पोचवली.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. नवा रिपीटर येणार आहे, लहानसा आणि चकचकीत, आणि मग मी पुन्हा त्या कबाड्याकडे जाईन. त्याचं मला दुःख नाही. माझी एकच विनंती आहे. ती पट्टी मात्र काढून घ्या आणि नव्या रिपीटरच्या पोटात बसवा. त्याने तुम्हाला ऐन बोलण्यात तोडलं तर त्याच्यावर रागावू नका. आणि तुमच्या हातात असं बटण असेल तर बोलून झाल्यावर ते सोडा, आणि खरंच सुटलं का ते एकदा बघून घ्या.